संमतीपत्रावर सही करण्याआधी

हातातलं काम चालू ठेवूनच ऐका, उठून रेडिओजवळ यायची गरज नाही. आम्ही बोरिवली-दहिसरकडच्या एका मराठी शाळेतल्या शिक्षिका, आणि आमच्याबरोबर दरवेळी सहलीला येणाऱ्या काही आया. दरवर्षी सातवी-आठवीच्या मुलामुलींना आम्ही नॅशनल पार्कात नेतो. वर्षातून एकदा नाही, तीनदा. पाऊस ओसरताना एकदा, थंडीत एकदा आणि फाल्गुनात पळस फुलला की एकदा.

आज बोलायला बसलो त्याला कारण आहे. थंडीतल्या सहलीची संमतीपत्रं वाटून झाली. मुलग्यांची जवळजवळ सगळी सहीनिशी परत आली, मुलींची बरीच कोरी आली. एका पत्रावर मागच्या बाजूला लिहिलं होतं, ‘वॉटर पार्कला नेणार असाल तर पाठवू, जंगलात काय बघायचंय?’ आम्हाला राग आला नाही. प्रश्न बरोबरच आहे. आपल्यापैकी बहुतेकींनी नॅशनल पार्क पाहिलंय ते वनराणी गाडीपुरतं, नाहीतर वाघ-सिंहाच्या सफारीपुरतं. मुलांनी हट्ट केला, रविवारी गेलो, काकडी-मीठ खाल्लं, परत आलो. तेव्हा काय बघायचं, तेच आज सांगतो.

हे रान सुमारे 104 चौरस किलोमीटरचं आहे. एक टोक मुंबई उपनगरात, दुसरं ठाण्यात. चारही बाजूंनी इमारती चढत आलेल्या, आणि मध्ये हे रान अजून उभं. याच्या पोटात दोन तलाव आहेत, विहार आणि तुळशी. विहार 1860 साली पुरा झाला आणि मुंबईला पहिल्यांदा नळाचं पाणी मिळालं ते तिथून. त्याआधी बायका विहिरींवर आणि तळ्यांवर जात. आज शहराचं बहुतेक पाणी लांबून येतं, भातसा, वैतरणा, तानसा इथून, विहार-तुळशीचा वाटा अगदी थोडा. आता बोलतोच आहोत तर सांगून टाकतो. ज्या शहापूर तालुक्यातून आपल्या नळाला पाणी येतं, तिथल्याच पाड्यांवर उन्हाळ्यात टँकरची वाट बघतात. मुलांना हे सांगितलं की वर्ग एकदम गप्प होतो.

पहिली सहल आम्ही नदीची काढतो. आमच्या शाळेच्या मागे नाला आहे. पिढ्यान्‌पिढ्या मुलं त्याला नालाच म्हणतात, त्यात चेंडू गेला तर काढत नाहीत. तो नाला म्हणजे दहिसर नदी. तुळशी तलावाकडून निघते, रानातून खळखळत येते आणि आपल्या वस्तीत पोचेपर्यंत काळी होते. रानात वरच्या अंगाला नेऊन मुलांना पाण्याकाठी बसवलं, तळाचे गोटे दिसत होते. एकाने विचारलं, “बाई, ही कुठली नदी?” आम्ही म्हटलं, आपलीच, शाळेमागची. तो हसायला लागला. त्याला वाटलं, बाई चेष्टा करतायत.

मग परत येताना काम दिलं. नदी जिथे जिथे रस्त्यावरून दिसेल तिथे थांबायचं आणि वहीत लिहायचं, पाण्याचा रंग काय, वास कसला, काठावर काय आहे. तबेला, गॅरेज, झोपड्या, सोसायटीचा पाइप. हा नकाशा वर्गाच्या भिंतीवर लागला तेव्हा एक गोष्ट मुलांना आपणहून दिसली. घाण फक्त झोपडपट्टीतून येते असं घरी ऐकलेलं असतं, पण नकाशावर सोसायट्यांचे पाइपही होते. त्यात वर्गातल्याच एकाची सोसायटी निघाली. तो दोन दिवस फुरंगटून बसला होता.

घरचा अभ्यास असतो तो तुम्हा आयांसाठी. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पाऊस पडला, तेव्हा आजची मुलं जन्मलीही नव्हती. म्हणून विचारायला लावतो, पाणी आपल्या घरात कुठवर आलं होतं? कुणी भिंतीवर गुडघ्याएवढी खूण दाखवली, कुणी खिडकीएवढी. एका आजीने सांगितलं की त्या रात्री तिने गव्हाचा डबा माळ्यावर चढवला आणि लग्नातला शालू खालीच राहिला. दहिसर, पोयसर, ओशिवरा, मिठी, या सगळ्या नद्यांचं पाणी या डोंगरांतूनच उतरतं. रानात मुरलेलं पाणी सावकाश येतं, सिमेंटवर पडलेलं धावत येतं. एवढं आठवीच्या मुलीला कळतं. मोठ्यांना कळायला वेळ लागतो.

थंडीची सहल कान्हेरीची. सही अडली आहे ती हिची, म्हणून हिच्याबद्दल जरा सविस्तर बोलतो.

मुख्य गेटपासून लेणी साधारण 6 किलोमीटर आत आहेत. एकाच डोंगरात शंभराहून जास्त लेणी. सुमारे दोन हजार वर्षांपूर्वी बौद्ध भिक्षूंनी इथे राहायला सुरुवात केली आणि पुढे हजारभर वर्षं इथे राबता होता. तिसऱ्या क्रमांकाचं चैत्यगृह मोठं, त्याच्या ओसरीत दोन्ही बाजूंना बुद्धाच्या उभ्या मूर्ती, जवळजवळ 7 मीटर उंच. मूर्तींसमोर सगळ्यांचे फोटो होतात. होऊ देत. आम्ही मात्र मुलांना आधी खाली बघायला सांगतो.

पायाखाली खडकात बोटभर रुंद पन्हळी कोरलेल्या आहेत. त्यांच्या मागे मागे चालत गेलं की टाकं येतं. जवळजवळ प्रत्येक लेण्याच्या दाराशी एक. पावसाचं पाणी कातळावरून पन्हळीत, पन्हळीतून टाक्यात. चार महिने पडलेलं पाणी उरलेले आठ महिने पुरवायचं ही आपल्या बायकांची नेहमीची चिंता त्यांनाही होती. काही टाक्यांत आजही पाणी असतं. शिलालेखांमध्ये टाक्याला ‘पोढी’ म्हणतात. हा शब्द मुलींना इतका आवडला की वर्गातल्या पाण्याच्या पिंपाचं नाव पोढी पडलंय.

ही लेणी, ही टाकी करून दिली कुणी? दान देणाऱ्यांनी, आणि त्यांनी ते खडकावर लिहून ठेवलं, ब्राह्मी लिपीत. कल्याणचे, सोपाऱ्याचे, चौलचे, नाशिकचे लोक. व्यापारी आहेत, सोनार आहेत. आणि बायका आहेत, गृहिणीही आणि भिक्षुणीही. नागमुलनिका नावाची एक बाई, महारठीची पत्नी, तिने लेणं दिलं आणि आपलं, भावाचं, मुलाचं नाव कोरवून घेतलं. सातवीतल्या मुलींना वाटत असतं की जुन्या काळच्या बायका घरात बसून असायच्या, त्यांच्याजवळ ना पैसा ना नाव. मग त्या लेखासमोर उभं राहून हळूहळू ते नाव उच्चारतात, ना-ग-मु-ल-नि-का. एकीने विचारलं, “बाई, हिला नवऱ्याला विचारावं लागलं असेल का?” आम्हाला काय माहीत! पण प्रश्न फळ्यावर लिहून ठेवलाय.

दुसरा एक लेख पाचव्या लेण्याजवळच्या टाक्यावर आहे. सातवाहन राजा वासिष्ठीपुत्र सातकर्णी याची राणी, कार्दमक घराण्यातली, महाक्षत्रपाची मुलगी, तिच्या अमात्याने, सतेरकाने, ते टाकं दिलं. सातवाहन आणि क्षत्रप एकमेकांचे शत्रू. म्हणजे शत्रूच्या घरची लेक इकडे सून होऊन आली होती. लेखात तिचा नवरा आहे, माहेर आहे, अमात्यही आहे. तिचं नाव तेवढं नाही, त्या जागी लेख तुटलाय. मुली यावर बराच वेळ बोलतात. मग आम्ही विचारतो, तुमच्या आजीला सोसायटीत काय नावाने ओळखतात? अमक्याची आई, तमक्यांच्या सूनबाई. एकदा तर एका मुलीला आजीचं माहेरचं नावच सांगता आलं नाही, ती घरी जाऊन विचारून आली.

आणखी एक गंमत. एका लेखात ‘मंगलठाण’ गावची जमीन दान दिल्याचा उल्लेख आहे. अभ्यासक म्हणतात, हे आपलं मागाठाणे. ज्या मागाठाण्याच्या बसस्टॉपवर आपण घामाघूम होऊन उभ्या असतो, जिथे आता मेट्रो थांबते, तेच. हे ऐकल्यावर एक मुलगा म्हणाला, “म्हणजे आमचा पत्ता दोन हजार वर्षांपूर्वीचा आहे?” त्याचे वडील गावाहून इथे आलेले. इमारतीतली पोरं त्याला बाहेरचा म्हणून चिडवत. त्याच्या चेहऱ्यावर काय आलं ते सांगता येणार नाही, पण त्या दिवशी बसमध्ये तो पुढच्या सीटवर बसला.

नव्वद क्रमांकाच्या लेण्यात भिंतीवर पहलवी लिपीत लिहिलेलं आहे. 1009 आणि 1021 साली इथे आलेल्या पारशी मंडळींनी आपली नावं आणि तारीख लिहिली. म्हणजे हजार वर्षांपूर्वीचीही सहलच. यावर दरवर्षी कोणीतरी हुशार मुलगा हात वर करतो. त्यांनी नाव लिहिलं तर तो इतिहास, मग आम्ही लिहिलं तर दंड का? आम्ही सरळ उत्तर देतो. त्यांच्या आधी भिंत रिकामी होती आणि कायदा नव्हता, आता भिंत सगळ्यांची आहे आणि कायदा आहे. उत्तर सगळ्यांना पटतं असं नाही. पण खडूचा तुकडासुद्धा कुणी खिशातून काढत नाही.

आता रानाकडे येतो. 2024 च्या पावसाळ्यानंतर कारवी फुलली होती, आठवतं का? पेपरात फोटो आले होते, जांभळे उतार. ही कारवी आठ वर्षांतून एकदाच फुलते, फुलून बी धरते आणि मरते. पुढची खेप 2032 ला. त्या वर्षीच्या आमच्या सातवीच्या मुली तेव्हा वीस-एकवीस वर्षांच्या असतील. मुलींनी वहीत लिहून ठेवलंय, 2032 ला पुन्हा यायचं. एकीने खाली कंसात लिहिलं, ‘लग्न झालं नसेल तर’. ते वाचून आम्ही बाया एकमेकींकडे बघत राहिलो.

कारवीच्या काठ्यांचा कूड करतात, त्यावर शेणमातीचा गिलावा आणि त्यावर तांदळाच्या पिठाची चित्रं. वारली चित्रं आपण हल्ली बेडशीटवर आणि कपबशांवर बघतो. लग्नाचा चौक मुळात काढायच्या त्या सवाशिणी, घराच्या भिंतीवर. या रानात वारली, मल्हार कोळी यांचे पाडे आजही आहेत. आमच्या वर्गात पाड्यावरची एक मुलगी आहे. एरवी वर्गात तिचा आवाज ऐकू यायचा नाही. रानात शिरल्यावर तीच पुढे. ऐनाची साल मगरीच्या पाठीसारखी, कांडोळाचं खोड पांढरं, बिब्याखाली हात लावायचा नाही, शेवळं काकडाशिवाय रांधली तर घसा खाजतो. आमची वनस्पतीशास्त्र शिकलेली बाई वही काढून लिहून घ्यायला लागली. पिढीजात बायकांनी जपलेली ही माहिती कुठल्या धड्यात नाही.

पण गोडगोड सांगून थांबणार नाही. गेल्या वर्षी जेवणाच्या सुट्टीत वाद झाला. एक मुलगा म्हणाला, जंगल वाचवायचं तर आत राहणाऱ्या सगळ्यांना बाहेर काढलं पाहिजे. पाड्यावरची मुलगी गप्प. मग म्हणाली, “माझी आजी इथंच जन्मली. नॅशनल पार्क नंतर आलं.” त्यावर तिसरी मुलगी उठली. तिच्या आजोबांची झोपडी उद्यानाच्या कडेला होती. 1997 साली उच्च न्यायालयाचा आदेश आला आणि त्यानंतर हजारो झोपड्या पाडल्या गेल्या, त्यात ती गेली. ती म्हणाली, “आमचंही घर होतं. मग आजोबा चुकीचे होते का?” डबे उघडे राहिले. चपात्या माकडांनी नेल्या असत्या तरी कळलं नसतं.

आम्ही निवाडा दिला नाही, तो आमचा अधिकारही नाही. पण कायदे काय आहेत ते सांगितलं. 1972 च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने राष्ट्रीय उद्यानातून पानही न्यायला बंदी आहे. 2006 च्या वनहक्क कायद्याने पिढ्यान्‌पिढ्या रानात राहणाऱ्यांचा हक्क मान्य केला. दोन्ही कायदे खरे, आणि दोन्ही एकाच डोंगराला लागू. रस्त्याकडेला करवंदं-चिंचा विकणारी मावशी या दोन कायद्यांच्या मध्ये टोपली घेऊन बसलेली असते. परतताना मुलांनी आपणहून तिच्याशी बोलणं काढलं. तिने विचारलं, “शिकून साहेब झालात तर आम्हाला हुसकून लावाल का?” कुणीच उत्तर दिलं नाही. आमच्या मते सहलीत एवढं झालं तरी पैसे वसूल झाले. वॉटर पार्कात हे होत नाही.

बिबट्याचं तुम्ही विचारणारच. आहेत, रानात बिबटे आहेत, आणि 2004 साली माणसांवर बरेच हल्ले झाले होते, तेही खरं. पण बिबट्या रात्रीचा प्राणी आणि माणसाला टाळणारा. वस्तीत येतो तो बहुधा कुत्र्यांमागे, आणि कुत्री येतात आपल्या कचऱ्यामागे. आम्ही परवानगी काढून, दिवसाउजेडी, घोळक्याने जातो. पुढे एक बाई, मागे एक बाई, मधे आया, आणि चार वाजता गेटबाहेर. इतक्या वर्षांत एकाही मुलाला बिबट्या दिसलेला नाही, आणि त्यांचं खरं दुःख तेच आहे. पाड्यांवर वाघोबाचं ठाणं असतं, वाघबारशीला पूजा होते. ज्याची भीती वाटते त्याला नैवेद्य दाखवायचा आणि आपण आपल्या वेळेत घरी यायचं, ही रीत आम्हाला शहाणपणाची वाटते. खरा उपद्रव माकडांचा. हातात वेफर्सचं पाकीट दिसलं की संपलं.

आणि मुलींची संमतीपत्रं कोरी का येतात, तेही स्पष्ट बोलू या, आपण बायकाच ऐकतोय. पाळी. त्या दिवशी आली तर काय, स्वच्छतागृह कुठे, सगळ्यांसमोर सांगणार कशी. आमच्या दोन पिशव्यांत पॅड, कागद आणि एक जास्तीची सलवार असते. गेटजवळ आणि लेण्यांजवळ सोय आहे, थांबे त्या हिशेबाने ठरवलेत. वापरलेलं गुंडाळून परत आणतो, रानात टाकत नाही. एका आजीबाईंनी विचारलं होतं, लेण्यांत देव आहे, त्या दिवसांत मुलीने आत जावं का? ही लेणी पुरातत्त्व खात्याकडे आहेत, तिथे कुणी विचारत नाही आणि आम्हीही विचारत नाही. मुलीला बरं वाटत असेल तर ती येते, पोटात दुखत असेल तर सावलीत बसते, तिच्याजवळ कुणीतरी बसतं. ज्या लेण्यांना भिक्षुणींनी दानं दिली, तिथे आपल्या लेकींनी बाहेर थांबायचं हे आम्हाला बरोबर वाटत नाही. ज्यांना वेगळं वाटतं त्यांच्याशी भांडण नाही, पण मुलीला तिचं मत विचारा.

थंडीची सहल मंगळवारी आहे, सोमवारी उद्यान बंद असतं. सकाळी साडेसातला शाळेच्या फाटकाशी. पायात बूट किंवा पट्ट्याची चप्पल, लेण्यांच्या पायऱ्या निसरड्या आहेत. पूर्ण बाह्यांचे कपडे, भडक रंग नको. डबा स्टीलचा, पोळी-भाजीचा. प्लास्टिकच्या पिशव्या गेटवर तपासतात. पाण्याची मोठी बाटली, एक वही, एक पेन्सिल, कारण पेन कातळावर घसरतं आणि हरवतं. ज्यांना पैशांची अडचण आहे त्यांनी वर्गशिक्षिकेला बाजूला घेऊन सांगा, यादी कुणाला दाखवत नाही.

दोन आया अजून हव्या आहेत. मुलगी आमच्या शाळेत नसली तरी चालेल. चालायची सवय हवी, आणि मुलांनी प्रश्न विचारला तर ‘गप्प बस’ म्हणायचं नाही एवढीच अट. शुक्रवारी शाळा सुटताना फाटकाशी भेटा, कोरं संमतीपत्रही बरोबर आणा. पेन आमच्याकडे आहे.